जुन्या डबीतला रुपया

रविवार, १० ऑगस्ट २०१४

धंदा काढायचा तर लिहून ठेवायची सवय हवी, असं माझी मैत्रीण मीनाक्षी म्हणते. तिचं दादरला स्टेशनरीचं दुकान आहे, त्यामुळे वही खपवण्यात तिचा स्वार्थ असणारच. ही डायरी तिनेच माझ्या गळ्यात मारली. रोज लिहिणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. ज्या दिवशी काही घडेल त्या दिवशी लिहीन.

आज घडलं. मीनाक्षीने दुकानातला एक काचेचा काउंटर रिकामा करून दिला आणि मी त्यात माझ्या संग्रहातली जुनी नाणी विकायला मांडली. जूनमध्ये नोकरी सोडली तेव्हा ऑफिसातल्यांनी कपाळाला हात लावला होता. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत, एसीत बसून दुसऱ्यांची बिलं तपासायची नोकरी. ती इमारत जिथे उभी आहे तिथल्याच गिरणीत बाबा साचे, म्हणजे माग, चालवायचे. संपात गिरणी बंद पडली आणि बाबा बोटीवर खलाशी म्हणून गेले. म्हणजे त्या जागेतली नोकरी सुटायची आमच्या घराण्याला सवय आहे. फरक इतकाच, की माझी मी सोडली.

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि त्याने विचारलं, "मालक कुठे आहेत?"

म्हटलं, "तुमच्यासमोर उभ्या आहेत."

तो काही न घेता गेला, पण नजर मात्र दोनदा काउंटरवर फिरवून गेला. तो परत येणार. मला माणसं कळतात.

घोडपदेवला घरी पोचले तर आई दारातच. "कोण इलो काय गो आज?" म्हटलं, "इलो आणि गेलो." ती हसली. आईला धंद्यातलं काही कळत नाही, पण हसते छान.

रविवार, १७ ऑगस्ट

काउंटरला एक राजा पाहिजे. गणपतीच्या मंडपात जशी एक मोठी मूर्ती असते तसं एखादं नाणं हवं, ज्याच्यासाठी लोक आत येतील. असं नाणं माझ्या घरातच आहे, आणि मी इतके दिवस दुसऱ्यांची दारं पुजत होते.

आईच्या लग्नात ओटीत घातलेला चांदीचा रुपया. पंचम जॉर्जचा. बाबा बोटीवर गेले तेव्हा आईने तो रक्षण म्हणून त्यांच्या कनवटीला बांधून दिला होता. ब्याण्णवमध्ये त्यांनी अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात तो तपासून घेतला. तिथे नाणी तपासून, सत्तरपैकी गुण देऊन, प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद करून देतात. धंद्यात तिला स्लॅब म्हणतात, आमच्या घरात डबीच. रुपयाला अठ्ठावन्न गुण आहेत. बाबांनी हा उद्योग का केला कोण जाणे. बोटीवर खाऱ्या हवेने चांदी काळी पडत होती, असं आई म्हणते. त्या दिवाळीला ते डबी घरी ठेवून गेले, आणि पुढच्या वर्षी बोटीवरच वारले. मी दहा वर्षांची होते.

माझा बेत सरळ आहे. ही डबी जुनाट, लहान, ओरखडे पडलेली. फोडायची आणि रुपया नव्याने तपासायला पाठवायचा. आजकाल गुण सढळ हाताने देतात. बासष्ट सहज मिळतील. नवी चकचकीत डबी, मोठा आकडा, आणि काउंटरचा राजा तयार.

आईकडे मागितला. ती रोज सकाळी ती डबी पदराने पुसते आणि खिडकीशी धरून बघते. का, तर म्हणे मुंग्या लागतात. प्लास्टिकला मुंग्या! तिने डबी माझ्या हातात दिली, पण म्हणाली, "फोडू नको हां."

"अगो आई, किंमत वाढेल."

"वाढांदे. पण फोडू नको."

भिंगाखाली बघितलं तर रुपयाच्या उजव्या बाजूला अंगठ्याचा तपकिरी ठसा आहे. चांदीवर घामाचा हात लागला की वर्षांनी असा डाग वर येतो. डागच तो. बाहेर पाठवताना रसायनाने काढून देतात. आईला सांगितलं, तर तिने डबी माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि कपाटात ठेवली. जुन्या माणसांना साफसफाईचं महत्त्व कळत नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

आज काउंटरवर एक गृहस्थ आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, छत्री. गिरगावचे जगदीश धैर्यवान. नाव ऐकून ताठ उभी राहिले. नाण्यांच्या बाजारात त्यांना कोण ओळखत नाही? त्यांनी एकेक नाणं बघितलं, आणि नाणी दोन बाजूंना ठेवायला सांगितली. मला वाटलं चांगली आणि वाईट. तसं नव्हतं. एका बाजूला नव्या डब्या, दुसऱ्या बाजूला जुन्या. जुन्या दोनच होत्या.

"ह्या दोन मला द्या," ते म्हणाले.

"काका, ती दोन सगळ्यात साधी आहेत. नव्या डबीतली बघा ना, गुण जास्त आहेत."

"गुण जास्त आहेत म्हणूनच नको."

मग त्यांनी समजावलं, तेही उभ्या उभ्या, छत्री काखेत धरून. सुरुवातीच्या वर्षांत तपासणारे चिक्कू होते. आज ज्याला बासष्ट देतात त्याला तेव्हा अठ्ठावन्नच देत. ज्या नाण्याला जास्त गुण मिळण्यासारखे होते ते लोकांनी केव्हाच डबी फोडून पुन्हा पाठवलं. त्यामुळे जुन्या डब्या दिवसेंदिवस कमीच होत चालल्यात. आणि मुख्य म्हणजे, वीस-बावीस वर्षं जे बंद आहे, त्यात जे काही व्हायचं होतं ते होऊन गेलं. कोणी चोळलं नाही, रंगवलं नाही. "नव्या डबीतलं नाणं काल काय होतं ते तुम्हाला माहीत नसतं. जुन्या डबीतलं नाणं ज्या हाताने आत ठेवलं, त्याच हाताचं राहतं."

म्हटलं, "म्हणजे लोणच्यापेक्षा बरणी महाग."

ते हसले नाहीत. "बरणी फोडून बघा, मग लोणच्याचं काय होतं ते कळेल."

मी लगेच पलटले. शहाण्या माणसाने पलटावंच. बाबांची डबी फोडायची नाही, ठरलं! घरी जाऊन आईला सगळं तसंच्या तसं सांगितलं. ज्या हाताने आत ठेवलं त्याच हाताचं राहतं, हे वाक्य तिने दोनदा म्हणायला लावलं. तिला एवढी गोडी लागेल असं वाटलं नव्हतं. पिठाचा हात तसाच धरून ऐकत बसली होती.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

गणपती बसले. आई आणि मी मोदक करत होतो. माझ्या मोदकांना कळ्या पडत नाहीत, पडतात त्या उकलतात. आई म्हणाली, "तुझ्या बापसाचे पण असेच." बाबा मोदक करायला बसायचे हेच मला नवीन. संपात घरी असायचे, मग करणार काय? पण त्यांचा उजवा अंगठा गिरणीत साच्यात सापडून फाटला होता, तिरके टाके पडले होते, तिथलं कातडं सपाट झालेलं. तिथे पीठ धरायचं नाही. सगळ्या मोदकांना एका बाजूला कळी, एका बाजूला सपाट. आईने एक मोदक तसाच मुद्दाम करून दाखवला आणि नैवेद्याला लावला.

चला, मोदक न जमण्याचं खापर आता अनुवंशावर फोडता येईल.

रविवार, १४ सप्टेंबर

धैर्यवानांच्या घरी गेले. गिरगावात दुसरा मजला, लाकडी जिना, आणि आत सगळ्या जुन्याच डब्या. नाण्यांपेक्षा डब्यांवरच त्यांचं प्रेम. कोणत्या वर्षी डबीतल्या चिठ्ठीचा हिरवा रंग बदलला, कोणत्या वर्षी कडा जाड केली, सगळं तोंडपाठ. त्यांची बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "लग्न ठरताना ह्यांनी मला विचारलं होतं, तुमचा जन्म कुठल्या सालचा? मला वाटलं पत्रिकेसाठी." मला ही बाई फार आवडली.

त्यांच्याकडे महिन्याला एकदा बैठक भरते. गिरगाव-दादरचे पाच-सहा जुने संग्राहक. हे लोक दुकानात जात नाहीत, बाजारात जात नाहीत. एका माणसाकडून घेतात आणि जन्मभर त्याच्याकडूनच घेतात. तो माणूस दोन वर्षांपूर्वी वारला. जागा रिकामी आहे.

"त्या जागी बाई बसेल का, हे मला ठरवायचं नाही," धैर्यवान म्हणाले. "तुमच्या हातातलं एक नाणं ठरवेल. तसं काही आहे?"

सांगितलं बाबांच्या रुपयाबद्दल. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. माझी खात्री आहे, माझं आयुष्य त्या कपाच्या आवाजाबरोबर बदललं.

रविवार, २१ सप्टेंबर

धैर्यवान घोडपदेवला आले! तीन जिने चढून. चाळीतल्या आनंदीबाईंनी त्यांना मुलगी बघायला आलेले सासरे समजून माझ्याकडे बघत डोळा मारला.

आईने कपाटातून डबी आणली. त्यांनी भिंग लावलं. कितीतरी वेळ. शेवटी म्हणाले, "अस्सल. आणि हा ठसा."

मी लगेच म्हटलं, "तो डाग आहे काका, पण—"

"दोषच आहे. पण तपासलं तेव्हा तो दिसत नसणार, नाहीतर अठ्ठावन्न दिले नसते. म्हणजे तो आत, बंद झाल्यावर वर आला. ह्या नाण्याला नंतर कोणी हात लावलेला नाही, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा नाही. मला हे हवंय. ठशासकट."

आई एवढा वेळ दाराशी उभी होती. एकदम पुढे आली. "तुमी ती फोडूचे नाय ना?"

"वहिनी, मी डब्या फोडणारा माणूस नाही."

"आणि तो अंगठो पुसतले?"

"कधीच नाही."

"माका कधी बघूसा वाटला तर?"

धैर्यवान गोंधळले. मी हसून म्हटलं, "आई, आपण वस्तू विकतोय, मुलगी देत नाही." तेही हसले. आई आत गेली चहा करायला.

रुपया आजच नेला असता त्यांनी. पण आई आतून म्हणाली, म्हाळाच्या दिवसात घरातली वस्तू भायर देऊची नाय. पितृपक्ष संपायला दोनच दिवस आहेत, तरी तिने ऐकलं नाही. मग मी डोकं लढवलं. म्हटलं, दिवाळीच्या पाडव्याला द्यायचा. व्यापाऱ्याचा नव्या वर्षाचा दिवस, आणि माझ्या धंद्याचा पहिला मोठा सौदा. धैर्यवानांनाही पटलं. पाडव्याला येतो म्हणाले, आणि त्यानंतरच्या बैठकीला तुम्ही या म्हणाले.

आईला सांगितलं. "पाडव्याकच?" तिने विचारलं.

"मुहूर्त आहे गो."

"हां," ती म्हणाली. "मुहूर्त आसा खरो." चहात साखर टाकायला विसरली होती. धैर्यवानांनी तसाच प्यायला.

रविवार, १२ ऑक्टोबर

दुकान चाललंय. तो "मालक कुठे" वाला परत आला, दोन नाणी घेऊन गेला. मला माणसं कळतात हे लिहिलं होतंच.

आज दुपारी रुपयाचं वर्णन लिहायला बसले, बैठकीत वाचून दाखवायला. भिंगाखाली ठशात एक तिरकी रेघ दिसली. आधी वाटलं, चांदीवर ओरखडा असेल तर धैर्यवान मागे फिरतील. पण ओरखडा नाही. धातू साफ आहे. फक्त त्या तिरक्या पट्टीत ठशाच्या रेषाच उमटलेल्या नाहीत. असला बारकावा धैर्यवानांनाही दिसला नव्हता. वर्णनात लिहिलं, "ठशामध्ये मूळचीच एक तिरकी मोकळी रेघ." आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मोकळी म्हणजे?" म्हटलं, तिथे काही उमटलेलं नाही. ती म्हणाली, "उमटतला कसा?" आणि उठून गेली.

कधी कधी वाटतं, आईला हे सगळं मी नीट समजावलं आहे का. मग वाटतं, तिने हो म्हटलंय. जबरदस्ती केली असती तर गोष्ट वेगळी. मी केलेली नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

माझं डोकं फिरलंय, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

दुकानातून लवकर आले. आई ओट्यापाशी पाठमोरी. हातात अडकित्ता. मला वाटलं सुपारी. जवळ गेले तर अडकित्त्यात डबी! एक कोपरा तडकलेला, प्लास्टिकचा तुकडा ओट्यावर.

मी ओरडले. खूप ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आनंदीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या इतपत. तू स्वतः फोडू नको म्हणालीस ना? तीन दिवसांवर सौदा आलाय आणि तू? तुला काय कळतं ह्यातलं?

आईने तुकडा उचलून बाजूला ठेवला. अडकित्ता धुतला, पुसला, डब्यात ठेवला.

धैर्यवानांना फोन केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या पाच-सहा जणांशी करायचा धंदा खोट्यावर उभा राहणार नाही. सांगितलं, कोपरा गेला. त्यांनी तुकड्याचा आकार विचारला, आतली कड शाबूत आहे का विचारलं. आहे. नाणं अजून बंद आहे? आहे. "मग चालेल," ते म्हणाले. "जुन्या डबीला म्हातारपण येणारच. आतलं उघडं पडलं नाही ना, झालं."

सुटले! आईला ओरडून सांगितलं, वाचलो. ती पणत्यांच्या वाती वळत होती. "बरा झाला," म्हणाली.

डबी माझ्या उशाशी ठेवलीये.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन



पूजेला घरात आहे तेवढी चांदी ताटात मांडतो. डबीही ठेवली, बंद. प्लास्टिकवर हळदकुंकू वाहिलं ते घरंगळून खाली पडलं. मी पुसायला गेले तर आई म्हणाली, "रवांदे." मग शांतपणे, मला ऐकू येईल एवढंच बोलत, तिने सांगितलं.

पाडव्याला बाबा तिला ओवाळणी घालायचे. दुसरं काही घालायला नसायचं, म्हणून तोच रुपया. लग्नातला, ओटीतला. ती ओवाळायची, ते ताटात घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती परत त्यांच्याकडे द्यायची, पुढच्या वर्षासाठी. संपाच्या वर्षीही. बोटीवरून आले की पाडवा कधीचाही असो, आले त्या दिवशी. ब्याण्णवला ते डबी घेऊन आले. ताटात डबी घातली. आई रागावली, ही काय ओवाळणी, प्लास्टिक घालतोस? तर हसले.

"तो म्हणालो, पुढच्या पाडव्याक माझ्या हातान फोडून ताटात घालतंय. आणि गेलो."

मग तार आली. समुद्रातच सोडलं त्यांना. बघायला काही मिळालं नाही.

"तो अंगठो आधी नव्हतो," आई म्हणाली. "तुझी दहावी झाली त्या वर्षाक दिसाक लागलो. हळूहळू वर इलो. माका आधी वाटला डाग. मगे ती साच्याची रेघ दिसली."

 त्या रेघेचं मी वर्णन लिहिलं होतं. बैठकीत वाचणार होते.

"मग तू हो कशाला म्हणालीस आई?"

"तुझो धंदो आसा ना. बापसाची वस्तू पोरीच्या कामाक येता, ता बराच. आणि ते म्हणाले, पुसूचे नाय. माका तेवढा पुरे हुता. पण द्यायच्या आधी एकदा तेका हात लावूसो वाटलो. नुसतो. म्हणान अडकित्तो घेतलंय."

मी रडले. ती नाही रडली. मी म्हटलं, "पण आई, उघडून हात लावलास तर तुझं बोट त्याच्यावर चढेल. त्यांचा ठसा राहणार नाही तसा."

"चढांदे," ती म्हणाली. मग लगेच, "पण तू दी हां त्यांका. शब्द दिलो आसस."

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. पाडवा

धैर्यवान दहाच्या ठोक्याला आले. नवा सदरा, हातात पेढे, आणि डबी ठेवायला मखमलीची पिशवी. मी त्यांना आत बसवलं आणि पहिल्या वाक्यातच सांगितलं. लांबण लावली असती तर धीर सुटला असता.

"काका, मी हा देत नाही. उघडणार आहे."

त्यांना वाटलं, मला दुसरं गिऱ्हाईक मिळालंय. मग वाटलं, मी पुन्हा तपासायला पाठवणार. मी दोन्हीला नाही म्हटलं. "आईला हात लावायचाय."

"हात?" ते आईकडे वळले. ती मोरीपाशी ताट घासत होती, वळून बघत नव्हती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सुनेत्रा, तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय करताय? असा पुरावा असलेलं नाणं मी चाळीस वर्षांत बघितलेलं नाही. उघडलेलं पुन्हा मिटत नाही."

"मला नीट कळतंय, तुम्हीच शिकवलंत. म्हणूनच मी उघडणार. दुसऱ्या कोणी उघडलं तर नाण्याला लागेल."

 त्यांनी पेढ्यांचा पुडा दोरीसकट मांडीवर ओढला. "मंडळींना मी तुमचं नाव सांगितलंय," शेवटी म्हणाले. "शब्द फिरवला म्हणतील ते. ही माणसं एकदाच दार उघडतात."

"म्हणू देत. खरंच आहे ते. मी दुसरं दार बघीन काका. दादरला काउंटर आहे माझा, जागेवरच आहे."

 बोलले ते मनापासून. पन्नास नाण्यांच्या काउंटरवर जिने दोन महिन्यांत गिऱ्हाईक परत आणलं, ती उपाशी मरणार नाही.

धैर्यवान उठले. पेढे आईच्या पायाशी ठेवले आणि वाकून नमस्कार केला. कशासाठी ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं असेल असं नाही. दाराशी म्हणाले, "मी थांबत नाही. मला बघवणार नाही." जिना उतरताना त्यांची छत्री प्रत्येक पायरीवर आपटत होती.

मग मी पक्कड घेतली. डबी जाड फडक्यात गुंडाळली, कडेवर पक्कड लावली आणि हळूहळू दाबत गेले. चारी बाजूंनी एकेक आवाज झाला. फडकं उघडलं, वरचं प्लास्टिक उचललं. बावीस वर्षांनी रुपया हवेवर आला. त्याला काही झालं नव्हतं. ठसाही तसाच.

आईला म्हटलं, "घे."

"असो नाय," ती म्हणाली. पाट मांडला, रांगोळीचं एक बोट ओढलं, ताटात निरांजन लावलं. बाबा गेल्यापासून ह्या घरात पाडव्याला कोणी ओवाळलं नव्हतं. मी विचारलं, कोणाला? "बस पाटार," ती म्हणाली.

आनंदीबाई दारात होत्या. मी पाटावर बसले. आईने मला कुंकू लावलं, सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, ज्योत तीनदा माझ्यावरून नेली. तिचा हात स्थिर होता. मी रुपया ताटात घातला. तो वाजला. चांदी कशी वाजते हे नाण्याचा धंदा करून मला आज पहिल्यांदा कळलं.

आईने ताट खाली ठेवलं आणि रुपया उचलला. कडेने धर, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिने डोळे बारीक करून ठसा शोधला, तिरकी रेघ शोधली, आणि आपला अंगठा त्यावर ठेवला. बाबांच्या अंगठ्यात तो अर्धासुद्धा भरला नाही.